१२०० कॅलरींचा कागद: हा आकडा आला कुठून?

जिममध्ये नाव घातलं की पहिल्या आठवड्यातच व्हॉट्सअ‍ॅपवर एक कागद येतो. दिवसाला १२०० कॅलरी. भात बंद, साखर बंद, पोहे बंद, दूध बंद. सकाळी ओट्स, दुपारी उकडलेलं चिकन नाहीतर पनीर, संध्याकाळी सातनंतर काही नाही. तीन महिन्यांत बारा किलो, गॅरंटी. नेटच्या अभ्यासात बुडालेल्या, दिवसभर बसून पाठ धरलेल्या दोघातिघांनी असा कागद मला पाठवून विचारलं आहे, "यावर विश्वास ठेवू का?"

मी आहारतज्ज्ञ नाही. पण संशोधक म्हणून कुठल्याही आकड्याला जे करायचं असतं ते इथेही करता येतं: त्याचा कुलवृत्तांत काढायचा. कुणी मोजलं, कुणावर मोजलं, किती दिवस मोजलं, आणि (हे आपण नेहमी विसरतो) मोजणं कधी थांबवलं.

आधी कागदाचं गणित कागदाच्याच नियमाने तपासू. ट्रेनर सांगतो की एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी. मग बारा किलोंसाठी ९० दिवसांत ९२,४०० कॅलरींची तूट हवी, म्हणजे रोज साधारण १०२७. खायच्या आहेत १२००, म्हणजे तुमचा रोजचा खर्च २२२७ असल्याचं गृहीत धरलं आहे. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीची गरज १६६० कॅलरी दिली आहे. तिची तूट होते ४६०, आणि ९० दिवसांत जातील फार तर साडेपाच किलो. वजन जास्त असेल, व्यायाम भरपूर असेल तर खर्च वाढतो, हे खरं. पण मग कागद प्रत्येकीसाठी वेगळा असायला हवा ना? एकाच बॅचमधल्या चौघींकडे अक्षरशः एकच पीडीएफ असते.

हे ७७०० मुळात पौंडातलं ३५०० आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी १९५८ मध्ये एका निबंधात तो हिशेब मांडला. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, चरबीच्या पेशीजालात शुद्ध चरबी सुमारे ८७ टक्के, ग्रॅमला ९ च्या आसपास कॅलरी. गुणाकार करून बघा, ३५०० च्या जवळ याल. गणितात चूक नाही. चूक पुढच्या पायरीवर होते. रोज ५०० कमी खाल्लं की आठवड्याला एक पौंड, वर्षाला ५२ पौंड, असं सरळ रेषेत ओढत जाणं. त्यासाठी शरीराचा खर्च वर्षभर जागचा हलायला नको. तो हलतो.

१२०० ची गोष्ट आणखी जुनी आहे. लॉस एंजेलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी १९१८ मध्ये कॅलरी मोजून वजन उतरवण्याचं पुस्तक लिहिलं आणि ते तडाखेबंद खपलं. तोवर कॅलरी हा प्रयोगशाळेतला शब्द होता, पीटर्सबाईंनी तो स्वयंपाकघरात आणला. १२०० कॅलरींचा दिवस कसा आखायचा ते त्या पुस्तकात आहे. बाईंचं स्वतःचं वजन एकेकाळी २२० पौंड होतं, त्यातले ७० त्यांनी उतरवले होते. म्हणजे पुराव्यात एक माणूस, थोडी अंकगणिताची जोड, आणि महायुद्धाच्या काळातलं वातावरण, ज्यात कमी खाणं ही देशसेवा मानली जात होती. पुस्तक मिश्कील आहे, वाचायला मजा येते. पण प्रयोग म्हणून बघाल तर नमुन्याची संख्या एक.

गंमत अशी की त्याच सुमारास खरा प्रयोगही चालू होता, आणि तो कुणावर? होऊ घातलेल्या ट्रेनर लोकांवर! अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएचं कॉलेज होतं. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तिथे घडत, बास्केटबॉलचा जन्मही तिथलाच. कार्नेगी संस्थेच्या पोषण प्रयोगशाळेतले फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी १९१७ च्या हिवाळ्यात तिथल्या धडधाकट विद्यार्थ्यांचं अन्न कमी केलं आणि महिनोन्‌महिने मोजमाप घेतलं. वजन दहाएक टक्क्यांनी उतरलं. पण घटलेलं वजन टिकवायला त्या मुलांना पूर्वीपेक्षा बरंच कमी अन्न पुरू लागलं. वजनाच्या घटीच्या हिशेबात बसणार नाही इतकं कमी. शरीराने खर्चच आवरला होता. १९१९ मध्ये हे सगळं जाडजूड ग्रंथात छापून आलं. म्हणजे "रोज ५०० कमी" हे सरळ रेषेचं गणित रूढ होण्याच्या चाळीस वर्षं आधीच त्याच्या विरोधातला पुरावा कपाटात होता.

आता मिनेसोटाकडे येऊ. संशोधनाची पद्धत शिकायची असेल तर या प्रयोगावर एक दुपार घालवाच. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात लाखो माणसं अर्धपोटी होती, आणि त्यांना परत कसं खाऊ घालायचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. (बंगालचा १९४३ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, हे आपण विसरू नये.) मिनेसोटा विद्यापीठातले अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला ज्यांनी सदसद्विवेकबुद्धीने नकार दिला होता, असे हे स्वयंसेवक. प्रयोगशाळा फुटबॉल स्टेडियमच्या प्रेक्षक-पायऱ्यांखाली होती.

प्रयोग नोव्हेंबर १९४४ मध्ये सुरू झाला. पहिले १२ आठवडे कीज यांनी काहीच कमी केलं नाही. हा माणूस किती खाल्लं की स्थिर राहतो, एवढंच मोजत बसले. आपला ट्रेनर ज्या तीन महिन्यांत बारा किलो उतरवणार आहे, तेवढा वेळ कीज यांनी नुसती सुरुवातीची रेघ आखण्यात घालवला.

मग २४ आठवडे अर्धउपासमार. दिवसाला दोन जेवणं, सरासरी सुमारे १५७० कॅलरी. गव्हाचा ब्रेड, बटाटे, सलगम, कोबी, मॅकरोनी, म्हणजे युरोपातल्या भुकेल्या माणसाला जे मिळत होतं ते. शिवाय आठवड्याला २२ मैल चालणं. कीज यांनी प्रत्येकासाठी वजनघटीचा वक्र आधीच काढून ठेवला होता, आणि तो सरळ रेषा नव्हता: आधी तीव्र उतार, मग हळूहळू सपाट. माणूस वक्रापासून सरकला की त्याच्या ब्रेडचे तुकडे त्या आठवड्यात कमी-जास्त व्हायचे.

आकडा परत बघा: १५७०. उपासमार म्हणून आखलेल्या प्रयोगातला आहार कागदावरच्या १२०० पेक्षा ३७० कॅलरींनी जास्त होता.

थांबा, इथे लगेच निष्कर्षावर उडी मारू नका. इंटरनेटवर हे वाक्य फार फिरतं आणि ते अर्धंच खरं आहे. ती सगळी पुरुष माणसं होती, तरुण, मुळात सडपातळ, सरासरी ६९ किलोंच्या आसपास. त्यांचा आधीचा आहार तीन हजारांच्या वर होता, आणि उपासमारीच्या आहारात प्रथिनं कमी होती. ९० किलोच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला हे जसंच्या तसं लावता येणार नाही. ज्याच्यावर मोजलं तो कोण आणि ज्याला लावतोय तो कोण, हा प्रश्न ट्रेनरला विचारायचा तसाच कीज यांनाही विचारायचा.

तरी जे दिसलं ते मोलाचं आहे. वजन सुमारे चोवीस टक्क्यांनी घटलं. विश्रांतीतला ऊर्जाखर्च जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरला. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, पाय सुजले. आणि डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नाही. माणसं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटल्या चाटू लागली, कॉफी आणि च्युइंगगमवर मर्यादा घालावी लागली. अभ्यासात लक्ष लागेना. तुम्ही जर दिवसाला १२०० वर असाल आणि पेपरचं एकच पान तिसऱ्यांदा वाचत असाल, तर दोष दर वेळी इच्छाशक्तीचा नसतो.

पण माझ्या मते खरा ऐवज शेवटच्या भागात आहे. अन्न वाढवायला सुरुवात झाल्यावर कीज थांबले नाहीत. १२ आठवडे वेगवेगळ्या गटांना वेगवेगळं अन्न देऊन बघितलं आणि त्यानंतरही १२ जणांना आणखी ८ आठवडे ठेवून घेतलं. बंधन उठल्यावर ही माणसं पोट फुटेस्तोवर खात होती आणि तरी म्हणत होती, भूक आहे. स्नायू पूर्ण भरून यायच्या आतच चरबी मूळ पातळीच्या वर गेली. चोविसाव्या आठवड्याला प्रयोग संपवून "आधी" आणि "नंतर" असे दोन फोटो छापले असते तर ही गोष्ट कुणाला कळलीच नसती.

जिमच्या भिंतीवरचा फोटो म्हणजे नेमकं हे. बाराव्या आठवड्याला मोजणं थांबवलेला प्रयोग. त्यातही मध्येच सोडून गेलेल्यांचा फोटो नाहीच.

हाच मुद्दा पुन्हा २०१६ मध्ये समोर आला. 'द बिगेस्ट लूझर' या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात ट्रेनर स्पर्धकांकडून ३० आठवड्यांत अफाट वजन उतरवून घेत. केव्हिन हॉल यांच्या गटाने त्यांतल्या १४ जणांना सहा वर्षांनी परत मोजलं. सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि विश्रांतीतला खर्च त्यांच्या शरीरमानाने जेवढा असायला हवा त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. मात्र ज्यांनी वजन जास्त टिकवलं त्यांच्यात ही घट उलट जास्त दिसली. त्यामुळे "चयापचय मंदावतं म्हणून वजन परत येतं" एवढं सोपं सूत्रही या अभ्यासातून निघत नाही.

तुम्ही म्हणाल, मग ट्रेनरऐवजी डॉक्टरांचं ऐकावं. साधारणपणे हो. पण नुसती पदवी बघून निर्धास्त होऊ नका. १९७६ मध्ये रॉबर्ट लिन या अमेरिकन ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांनी 'लास्ट चान्स डाएट' नावाचं पुस्तक काढलं. जेवण बंद, फक्त प्रथिनांचं द्रवरूप पेय, दिवसाला ४०० कॅलरींपेक्षाही कमी. प्रथिनं कसली, तर जनावरांच्या कातडी आणि कंडरांपासून काढलेलं कोलॅजन, ज्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्लच नसतं. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत असली पेयं घेणाऱ्या पन्नासहून अधिक माणसांच्या मृत्यूंची नोंद झाली. १९७९ मध्ये त्यांतल्या १७ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: हृदयाची लय बिघडून आलेले अचानक मृत्यू. हल्ली कोलॅजनचे डबे जिमच्या काउंटरवर पुन्हा दिसू लागलेत. नेहमीच्या जेवणासोबत घेतलेली पावडर आणि जेवणाऐवजी घेतलेलं पेय यांत फरक आहे, पण कागदावर "जेवणाऐवजी" हा शब्द दिसला तर तो दोनदा वाचा.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत टाइप टू मधुमेह असलेल्या माणसांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं होतं. म्हणजे १२०० पेक्षाही कमी. वर्षाअखेर त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात होता. दोन वर्षांनी ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं, आणि तेही छापलं गेलं. फरक आकड्यात नाही. तिथे माणसं आजारानुसार निवडलेली होती, त्यांच्या तुलनेला दुसरा गट होता, आहारातली जीवनसत्त्वं आणि खनिजं ठरवून दिलेली होती, मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवली होती, आणि अन्न परत पायरीपायरीने कसं सुरू करायचं हे आधीच लिहिलेलं होतं. आपल्या कागदावर चौथ्या महिन्याचा रकाना आहे का, बघा.

जाता जाता भाकरीबद्दल. कागदावर "१ भाकरी = १०० कॅलरी" असं लिहिलेलं असतं. भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं आपल्याकडे कुन्नूरच्या प्रयोगशाळेपासून आहेत. वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये ती पुस्तिकेच्या रूपात काढली, आणि २०१७ मध्ये हैदराबादहून नवी आली. पण ती १०० ग्रॅम धान्याची आहेत. तुमच्या घरची भाकरी किती ग्रॅम पिठाची, हे कुठल्याच कोष्टकात नाही. सोलापूरकडच्या मैत्रिणीची पातळ कडक भाकरी आणि आमच्याकडची जाड भाकरी एकाच ओळीत बसवली की रोजच्या हिशेबात सहज दीडदोनशेचा घोळ होतो. वर्षभराच्या सरळ रेषेत तो किती होईल, ते तुम्हीच काढा.

तर ट्रेनरदादांना किंवा ताईंना काय विचारायचं? स्क्वॉट कसा मारायचा, गुडघा कुठे ठेवायचा, हे त्यांना माझ्यापेक्षा शंभरपट कळतं, ते निमूटपणे ऐका. आहाराच्या कागदाबद्दल मात्र विचारा की माझा सध्याचा खर्च कसा काढलात, मागच्या वर्षी हा कागद किती जणांना दिलात, त्यांतले किती जण आज कुठे आहेत, आणि तीन महिन्यांनंतर मी काय खायचं. चिडतात का तेही बघा. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, दिवस गेले असतील, पूर्वी खाण्याच्या विकाराचा त्रास झाला असेल, तर हे प्रश्न विचारत बसू नका, आधी डॉक्टर गाठा. कागद सुरू केल्यावर चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, पाळी चुकली असेल, तरीही तेच. आणि प्लॅन सुरू करायचाच असेल तर त्याआधी दोन आठवडे काहीही न बदलता जे खाता ते वहीत लिहून ठेवा, वजनासकट. कीज यांच्या १२ आठवड्यांपुढे हे काहीच नाही, पण त्या पीडीएफमध्ये तेवढंही नाही.