बाळू पालवणकर : नोंद आणि विस्मरण

भारतीय क्रिकेटचा इतिहास १९३२ साली लॉर्ड्सवर झालेल्या पहिल्या कसोटी सामन्यापासून मोजण्याचा प्रघात पडला आणि त्यापूर्वीचे खेळाडू आपोआपच उंबरठ्याबाहेर राहिले. त्यांत बाळू पालवणकर (१८७६-१९५५) यांचे स्थान अग्रगण्य होय. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत या डावखुऱ्या मंदगती गोलंदाजाने १७९ बळी मिळविले; प्रत्येक बळीमागे जेमतेम १५ धावा पडल्या. फलंदाजीची सरासरी मात्र १४ च्याही खाली आहे. या दोन आकड्यांमधील अंतर केवळ अंगच्या गुणांचे आहे काय, हे पाहावयास हवे.

धारवाड येथे चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या बाळूंचे बालपण पुण्यात गेले. तेथे युरोपियनांच्या क्लबात त्यांना दरमहा ४ रुपयांची नोकरी मिळाली. मैदानावर रूळ फिरविणे, जाळी उभारणे आणि साहेब मंडळींना सरावासाठी चेंडू टाकणे ही त्यांची कामे. ग्रेग या इंग्रज फलंदाजाने आपणास बाद केल्याबद्दल दर वेळी त्यांना आठ आणे द्यावेत, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, तीत एक गोष्ट गृहीत आहे : चेंडू टाकणे हे नोकराचे काम, बॅट धरणे हे धन्याचे. तासन्‌तास गोलंदाजी करणाऱ्या या तरुणास फलंदाजीचा सराव तेथे मिळाला नाही.

पुण्याच्या हिंदू संघाने युरोपियनांना हरविण्यासाठी त्यांना आपल्यात घेतले, परंतु ते मैदानापुरतेच. चहा त्यांस बाहेर, मातीच्या भांड्यातून मिळे. जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. पुढे ते मुंबईस आले. १९०६ साली मुंबईच्या हिंदूंनी युरोपियनांवर १०९ धावांनी मिळविलेल्या विजयात त्यांचा व बंधू शिवराम यांचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या संघाला इंग्लंडमध्ये बहुतेक सामने गमवावे लागले. तथापि बाळूंनी एकट्याने त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. वय त्या वेळी पस्तीस.

असे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत तर त्यांना प्रथम संघातूनच वगळण्यात आले. नेहमीचे कर्णधार पै उपलब्ध नसताना धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलून देवधरांची निवड झाली, तेव्हा विठ्ठल व शिवराम या दोघांनी जाहीरपणे माघार घेतली. देवधरांच्या योग्यतेविषयी शंका नव्हती; वाद निवडीच्या कसोटीचा होता. अंतिम सामन्यापूर्वी तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. थोरल्यास नाकारलेला मान धाकट्यास मिळाला, पण त्यास जवळजवळ एक तप लागले.

त्यांचे उत्तरायुष्य क्रिकेटच्या ग्रंथांत क्वचितच येते. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूस होते. पुणे कराराखाली त्यांचीही सही आहे. १९३७ साली मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांनाच डॉ. आंबेडकरांसमोर उभे केले. एकेकाळी अस्पृश्य समाजाचा अभिमान ठरलेला हा खेळाडू सुमारे २,००० मतांनी पराभूत झाला. आंबेडकरी चळवळीच्या स्मृतीत त्यानंतर त्यांना स्थान उरले नाही, आणि ज्या पक्षासाठी ते उभे राहिले त्यालाही पुढे त्यांची आठवण राहिल्याचे दिसत नाही. विस्मरणाचे हे कारण कसोटी सामने न खेळण्याइतकेच महत्त्वाचे मानावे लागेल.

रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथानंतर बाळूंच्या नावाची चर्चा देशभर पुन्हा सुरू झाली. विठ्ठल पालवणकरांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मात्र १९४८ सालीच मराठीत प्रसिद्ध झाले होते.