जळगावचे बारा, धुळ्याचे बारा

आज घड्याळाची गोष्ट, तीही आपल्या खान्देशातली.

सूर्यावर वेळ धरली, तर जळगावात धुळ्यापेक्षा तीन मिनिटं आधी बारा वाजतात. बैलगाडीच्या काळात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळला आली. आता गावोगावी वेगळी वेळ चालेना; एकाच रुळावर दोन वेळा म्हणजे अपघाताला आमंत्रण. पुढे रेल्वेनं मद्रासची वेळ धरली. तिथल्या वेधशाळेतून ती तारेनं यायची. जळगावच्या सूर्यापेक्षा ती साधारण १९ मिनिटं पुढे! १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ती तर २८ मिनिटं पुढे.

आज तीच वेळ आभाळातून येते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून अणुघड्याळाची वेळ पाठवतात. मोबाइल टॉवर आणि विजेचं जाळं त्यावरून आपली घड्याळं जुळवतात. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं, तर अंतर ३०० मीटरनं चुकतं.

पण जीपीएस अमेरिकेचं. म्हणून भारतानं २०१३ पासून ‘नाविक’चे उपग्रह सोडले. त्यातली परदेशातून आणलेली काही अणुघड्याळं बंद पडली, आणि घड्याळाविना उपग्रह ठिकाण सांगू शकत नाही. अखेर २९ मे २०२३ ला एनव्हीएस-०१ सोबत भारतात बनलेलं रुबिडियम घड्याळ वर गेलं.

मद्रासची वेळ आपल्याला न विचारता आली होती. आताचं घड्याळ आपलं असावं, ही धडपड मला म्हणूनच मोलाची वाटते.