निरीक्षण फुगा (पहिले महायुद्ध)

शत्रूच्या हालचाली टिपण्यासाठी आणि आपल्या तोफांचा नेम दुरुस्त करण्यासाठी दोराने जमिनीशी बांधून आकाशात चढवलेला हायड्रोजनचा फुगा. फ्रेंचांनी २६ जून १७९४ रोजी फ्ल्यूरसच्या लढाईत तो वापरला. अमेरिकन यादवी युद्धातही तो दिसतो. त्याचा खरा काळ मात्र १९१४–१८ चा.

गोल फुगा वाऱ्यात गरगरतो, मग दुर्बीण स्थिर धरायची कशी? यावर जर्मनांनी पतंगासारखा वाऱ्याला सामोरा राहणारा लांबट ‘ड्राखेन’ फुगा काढला. फ्रेंच अभियंता आल्बेर काको याने त्याहून स्थिर फुगा घडवला. वाऱ्यानेच फुगणाऱ्या तीन शेपट्यांमुळे तो जोराच्या वाऱ्यातही तोंड फिरवत नसे. १९१६ नंतर दोस्त राष्ट्रांच्या आघाडीवर सर्वत्र हेच फुगे दिसू लागले.

फुग्याखालच्या वेताच्या टोपलीत बहुधा दोन निरीक्षक असत; सोबत नकाशे, दुर्बीण आणि टेलिफोन. विमाने आली असतानाही फुगा टिकला तो या टेलिफोनमुळेच. विमानातला निरीक्षक बिनतारी यंत्राने बहुधा फक्त संदेश पाठवू शके, टोपलीतला माणूस तोफखान्याशी तासन्‌तास बोलू शके. गोळा कुठे पडला, डावीकडे की पलीकडे, हे तो सांगे आणि पुढचा गोळा नेमका बसे. म्हणूनच शत्रूला तो सलत असे. खाली दोर गुंडाळणारे यंत्र (विंच) चालवणाऱ्यांची तुकडी, विमानविरोधी तोफा आणि मशीनगन तैनात असत. विमान दिसताच फुगा ओढून घ्यायची घाई होई, पण शेकडो मीटर दोर गुंडाळायला वेळ लागे.

आग लावणाऱ्या गोळ्या लागल्या की हायड्रोजन भडके. निरीक्षकापाशी उडी घेण्याखेरीज उपाय उरत नसे. दोस्तांच्या लढाऊ वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत न मिळालेली हवाई छत्री फुग्यातल्यांना मात्र मिळाली होती. ती टोपलीबाहेर टांगलेली असे. उडी मारणाऱ्याच्या वजनाने ओढली जाऊन उघडे. तरीही जळते कापड वरून छत्रीवर कोसळण्याची भीती राहीच.

कीर्ती फुगे पाडणाऱ्यांच्या वाट्याला आली, टोपलीतल्यांच्या नव्हे, हा अन्यायच म्हणायला हवा. बेल्जियमच्या विली कोपेन्सच्या ३७ विजयांपैकी बहुतेक फुगेच होते. अमेरिकेच्या फ्रँक ल्यूकने सप्टेंबर १९१८ मध्ये १४ फुगे पाडले. त्यांतले शेवटचे तीन २९ सप्टेंबरला, आणि त्याच दिवशी तो मारला गेला.