इंधन-दरवाढ व महामार्ग, अमेरिकेतील

मोटारींच्या इंधनाच्या किंमती एकाएकी वाढल्या म्हणजे वाहनचालकांच्या सवयी बदलतात, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. त्याच दरवाढीने रस्त्यांची देखभालही संकटात येते, याची जाणीव मात्र उशिरा झाली. या दोन्ही परिणामांचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १९७३–८३ हे दशक होय.

पार्श्वभूमी : रस्ता वापरणाऱ्यानेच रस्त्याचा खर्च सोसावा, या तत्त्वावर ऑरेगन राज्याने १९१९ मध्ये दर गॅलनमागे (सु. ३·७८ लिटर) १ सेंट असा पेट्रोल-कर बसविला. कर वसूल करण्यास सोपा, देणाऱ्यास न जाणवणारा आणि उत्पन्न वर्षागणिक वाढते, त्यामुळे पुढील दहा वर्षांत तो सर्व राज्यांत प्रचारात आला. भारतातही याच विचारसरणीचा प्रभाव दिसतो. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसवून केंद्रीय रस्ते निधी उभारण्यात आला. अमेरिकेत संघीय कर १९३२ पासून होता. परंतु त्याचे उत्पन्न रस्त्यांसाठी राखून ठेवणारा महामार्ग विश्वस्त निधी १९५६ च्या कायद्याने निर्माण झाला. आंतरराज्य महामार्गांचे प्रचंड जाळे या निधीतून विणले गेले. कराचा दर १९५९ मध्ये गॅलनमागे ४ सेंट ठरविण्यात आला व तो १९८३ पर्यंत तसाच राहिला. दर किंमतीच्या टक्केवारीत न ठेवता परिमाणावर ठेवल्याचे दुष्परिणाम पेट्रोल स्वस्त होते तोपर्यंत कोणाच्या ध्यानी आले नाहीत.

वाहनचालकांवरील परिणाम : ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाच्या निर्यातीवर बंदी घातली. ती मार्च १९७४ मध्ये उठली, तरी मधल्या काळात अशुद्ध तेलाची किंमत पिंपामागे सु. ३ डॉलरवरून ११ डॉलरच्या वर गेली. पेट्रोलचा सरासरी किरकोळ दर १९७३ मधील सु. ३९ सेंटवरून १९७४ मध्ये सु. ५३ सेंट झाला. दरापेक्षाही टंचाईचा त्रास अधिक होता. पंपांसमोर मोटारींच्या लांबच लांब रांगा लागत. रविवारी विक्री बंद ठेवण्याचे आवाहन शासनाने केले. काही राज्यांत वाहनाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक सम की विषम, यावरून पेट्रोल मिळण्याचा दिवस ठरे. दुसऱ्या महायुद्धानंतर सतत वाढत गेलेली एकूण वाहनदौड १९७४ मध्ये सु. अडीच टक्क्यांनी घटली.

राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी २ जानेवारी १९७४ रोजी मान्यता दिलेल्या कायद्याने साऱ्या देशात ताशी ५५ मैल (सु. ८८ किमी.) ही कमाल वेगमर्यादा लागू झाली. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग कमी केल्यास इंधन वाचते, हे गणित बरोबर होते; प्रत्यक्षातील बचत मात्र अपेक्षेहून बरीच कमी भरली. लाभ झाला तो वेगळ्याच क्षेत्रात. रस्त्यांवरील अपघाती मृत्यू १९७३ मधील सु. ५४,००० वरून १९७४ मध्ये सु. ४५,००० वर आले. यातील काही श्रेय कमी झालेल्या वाहतुकीला द्यावे लागते, तरी मर्यादा १९९५ पर्यंत टिकली ती मुख्यतः या कारणामुळे (ग्रामीण आंतरराज्य महामार्गांवर ती १९८७ मध्ये शिथिल झाली होती). मालमोटारचालकांना ती जाचक वाटली. महाग डीझेल आणि मंदावलेली गती अशा दुहेरी कात्रीत सापडलेल्या स्वतंत्र चालकांनी डिसेंबर १९७३ मध्ये महामार्ग अडविले व फेब्रुवारी १९७४ मध्ये संप केला.

दरवाढीमुळे सोडलेल्या सवयी भाव उतरताच परत येतात. वाहनदौड १९७५ पासून पुन्हा वाढली. इराणमधील क्रांतीनंतरच्या १९७९ च्या दरवाढीने ती घटली आणि पुढे पूर्ववत झाली. टिकाऊ बदल झाला तो चालकात नव्हे, तर वाहनात. डिसेंबर १९७५ च्या कायद्याने नव्या मोटारींची सरासरी कार्यक्षमता १९७८ मध्ये गॅलनमागे १८ मैल व १९८५ मध्ये २७·५ मैल (लिटरमागे सु. ११·७ किमी.) असावी, असे बंधन उत्पादकांवर घातले. लहान जपानी मोटारींची मागणीही याच काळात वाढली.

रस्त्यांवरील परिणाम : काटकसरी मोटार राष्ट्राच्या हिताची, पण रस्त्याच्या तिजोरीला मारक ठरली. गॅलनमागे धावेचे अंतर दुप्पट झाले, की दर किलोमीटरमागे मिळणारा कर निम्म्यावर येतो. शिवाय ४ सेंट हा १९५९ मध्ये पेट्रोलच्या किंमतीचा सु. आठवा हिस्सा होता; १९८१ मध्ये तो सु. ३ टक्के उरला. उलट डांबर हे खनिज तेलाच्याच शुद्धीकरणातून मिळत असल्याने दुरुस्तीचा खर्च तेलाबरोबर चढला. एकाच कारणाने उत्पन्न रोडावले व खर्च फुगला आणि तोही नेमका, वीस वर्षांच्या वापरासाठी आखलेले पहिले आंतरराज्य मार्ग जीर्ण होऊ लागले तेव्हा.

वाहतूक घटल्याने रस्त्यांची झीजही घटली असेल, हा समज चुकीचा आहे. इलिनॉय राज्यात ऑटावा येथे १९५८–६० मध्ये घेतलेल्या मार्ग-चाचणीत असे दिसून आले, की फरसबंदीची हानी आसावरील भाराच्या सु. चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे मोटारीमुळे होणारी हानी जवळजवळ नगण्य असते व अवजड मालमोटारच रस्ता खाते. असे असता १९७४ च्या महामार्ग दुरुस्ती कायद्याने एका आसावरील अनुज्ञेय भार १८,००० पौंडांवरून २०,००० पौंडांवर (सु. ९,०७० किग्रॅ.) आणि वाहनाचे एकूण वजन ७३,२८० पौंडांवरून ८०,००० पौंडांवर (सु. ३६,३०० किग्रॅ.) नेले. इंधनाचा चढा भाव व वेगमर्यादा यांनी झालेले मालवाहतूकदारांचे नुकसान भरून काढावे, हा त्यामागील एक हेतू होता. आसभारातील ही वाढ दिसायला सु. ११ टक्के, चौथ्या घाताच्या नियमाने मात्र अशा आसामुळे होणारी हानी सु. दीडपट होते. इंधन वाचविण्याच्या भरात घेतलेल्या निर्णयांपैकी रस्त्यांना सर्वाधिक महाग पडलेला निर्णय हाच म्हटला पाहिजे.

यावर काही उपाय योजले गेले. संघीय पैसा त्यापूर्वी प्रामुख्याने बांधकामासाठी असे. १९७६ च्या कायद्याने तो आंतरराज्य मार्गांच्या पृष्ठ-नूतनीकरणासाठी व पुनःस्थापनासाठी आणि १९८१ मध्ये पुनर्बांधणीसाठीही खुला झाला. जुना डांबरी थर खरवडून, तापवून पुन्हा वापरण्याचे तंत्र याच काळात रूढ झाले. वॉशिंग्टन राज्याने १९७७ मध्ये कराचा दर पेट्रोलच्या किंमतीशी निगडित केला. अखेर राष्ट्राध्यक्ष रॉनल्ड रेगन यांनी ६ जानेवारी १९८३ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने संघीय कर ९ सेंट झाला. वाढीव ५ सेंटांपैकी १ सेंट सार्वजनिक वाहतुकीसाठी राखला गेला. त्याच वर्षी २८ जून रोजी कनेक्टिकट राज्यात मायेनस नदीवरील आंतरराज्य महामार्गाच्या पुलाचा एक गाळा कोसळून तीन माणसे मृत्युमुखी पडली व पुलांच्या तपासणीकडे झालेले दुर्लक्ष उघडकीस आले.

पुढील काळ : संघीय कर १९९३ मध्ये १८·४ सेंट झाला, परंतु परिमाणावरील आकारणीचा मूळ दोष तसाच राहिला. २००८ मधील दरवाढीत वाहनदौड पुन्हा घटली आणि त्या वर्षी सप्टेंबरमध्ये विश्वस्त निधी रिकामा होऊ नये म्हणून सर्वसाधारण खजिन्यातून ८ अब्ज डॉलर त्यात भरावे लागले. डांबर परवडेनासे झाल्याने मिशिगन, नॉर्थ डकोटा व साउथ डकोटा या राज्यांतील काही जिल्ह्यांनी कमी रहदारीचे डांबरी रस्ते उखडून तेथे खडीचे रस्ते केले. पेट्रोल-कराचा पायंडा पाडणाऱ्या ऑरेगन राज्यानेच जुलै २०१५ मध्ये त्याला पर्याय म्हणून, धावेच्या दर मैलामागे १·५ सेंट आकारण्याची ऐच्छिक योजना सुरू केली.