न आलेल्याची चौकशी



आपल्याकडील ख्रिस्ती बांधव ‘चर्च’ या एका शब्दाचा अर्थ दोन शब्दांनी सांगतात. इमारतीला ते देऊळ किंवा मंदिर म्हणतात, आणि तीत जमणाऱ्या माणसांना मंडळी. मराठी बायबलात ज्या ग्रीक शब्दासाठी ‘मंडळी’ योजला आहे, त्या ‘एक्लेसिया’चा मूळ अर्थही सभा असाच. अथेन्समधील नागरिकांच्या सभेला हेच नाव होते. आज आपल्याला पाहावयाचा आहे तो या मंडळीचा इतिहास. तोही सगळा नव्हे, एका नेमापुरता. दर रविवारी उपासनेला गेलेच पाहिजे हा नेम कसा रुजला, आणि जो आला नाही त्याचे मंडळीने काय केले? यातला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आरंभीच्या काळात या लोकांना स्वतंत्र देवळे नव्हती. कोणाच्या तरी घरी जमावयाचे. रविवार सुटीचाही नव्हता. मंडळीत गुलाम असत, आणि धन्याचे काम सुरू होण्यापूर्वी जमेल तेवढेच त्यांचे. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा सुभेदार धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजनला या लोकांविषयी पत्र लिहून सल्ला विचारला. ठरल्या दिवशी उजाडण्यापूर्वी ते एकत्र येतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तवन गातात, चोरी, व्यभिचार व विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात. नंतर पांगतात व पुन्हा जमून साधे अन्न खातात, असे त्यास चौकशीत आढळले. या चौकशीसाठी त्याने दोन दासींचा छळ केला, हेही तो सहज लिहून जातो.

तेव्हा सगळेच नेमाने येत असत अशी समजूत मात्र करून घेऊ नका. बैठका चुकविण्याची काहींना सवय लागली आहे, ही तक्रार नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातच आहे!

इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या तत्त्वज्ञाने सम्राटापुढे आपल्या धर्माची बाजू मांडताना रविवारच्या उपासनेचे वर्णन केले. गावातले व रानातले सगळे एके ठिकाणी जमतात; प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात; प्रमुख उपदेश करतो; प्रार्थना होते; मग भाकर व द्राक्षारस वाटतात. यानंतरचा तपशील मला फार मोलाचा वाटतो. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवकांच्या हाती त्यांच्या घरी पोचविला जाई. शिवाय ऐपतीप्रमाणे जमलेली वर्गणी प्रमुखापाशी ठेवून तीतून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके यांची सोय होई. म्हणजे कोण आले नाही हे पाहिले जात होते, पण ते भाकर कोणाकडे न्यावयाची हे कळण्यासाठी.

इ. स. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लिशनने ख्रिस्ती सभांना बंदी केली, देवळे पाडण्याचा व ग्रंथ जाळण्याचा हुकूम सोडला. आजच्या ट्युनिशियातील अबिटिना या गावच्या बिशपाने ग्रंथ निमूटपणे अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. गावची मंडळी मात्र घरोघरी जमतच राहिली. अखेर एकोणपन्नास जण पकडले गेले आणि ३०४ च्या फेब्रुवारीत कार्थेज येथे प्रांताधिपती अनुलिनस याच्यापुढे उभे राहिले. त्यांत सॅटर्निनस हा धर्मगुरू होता, त्याची मुले होती. धाकटा हिलेरियन तर अगदीच पोर. वाचक इमेरिटस याच्या घरी सभा भरली होती. बंदी असता या लोकांना घरात का घेतलेस, असे विचारता तो म्हणाला, ते माझे भाऊ आहेत, त्यांना दाराबाहेर कसे ठेवू? आणि प्रभूच्या दिवसाची ही सभा नसेल तर आम्हांला जगताच येणार नाही. हा वृत्तान्त पुढे एका कडव्या पंथाने जतन केला, तेव्हा त्यात थोडी भर पडली असण्याचा संभव आहे. पण उत्तराचा गाभा मला खरा वाटतो. वारी चुकू न देणाऱ्या वारकऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही.

पुढे वारे फिरले. इ. स. ३२१ मध्ये कॉन्स्टन्टाइनने न्यायाधीश, शहरवासी व कारागीर यांना रविवारी विश्रांती दिली, शेतकऱ्यांना मात्र कामाची मुभा ठेवली. याच काळाच्या सुमारास स्पेनमधील एल्विरा येथील धर्मसभेने ठरविले की, शहरात राहून जो तीन रविवार येणार नाही, त्यास थोडे दिवस मंडळीबाहेर ठेवावे. भाकर घेऊन जाणारा सेवक मागे पडू लागला होता.

शिक्षा सरकारने हाती घेतली की काय होते, हे इंग्लंडात पाहावे. १५५९ च्या कायद्याने रविवारी व सणाच्या दिवशी गैरहजर राहणाऱ्यास दर वेळी बारा पेन्स दंड ठरला. मजुराच्या दिवसाच्या कमाईहून ही रक्कम अधिक. दंड गावच्या गरिबांना द्यावयाचा, म्हणजे गैरहजर गरिबाचेच पैसे हजर गरिबाला! १५८१ मध्ये तो महिना वीस पौंडांवर गेला. राजमान्य उपासनेला न येणाऱ्या कॅथॉलिक घराण्यांना वठणीवर आणण्याचा हा उपाय होता. १५९२ च्या गैरहजरांच्या एका यादीत स्ट्रॅटफर्डच्या जॉन शेक्सपिअरचे, म्हणजे नाटककाराच्या वडिलांचे, नाव आहे. कर्जाच्या वसुलीसाठी पकडले जाण्याच्या भीतीने येत नाही, असे कारण पुढे नोंदले आहे. ते खरे, की कॅथॉलिक श्रद्धा झाकण्याची सबब, यावर विद्वान अजून वाद घालतात. यादी करणाऱ्याला त्याचे कर्ज दिसले होते. पण यादी ते फेडण्यासाठी नव्हती.

या सक्तीचा जोर ओसरल्यावर, ३० मार्च १८५१ च्या रविवारी, इंग्लंड व वेल्समधील सर्व प्रार्थनास्थळांत डोकी मोजली गेली. लोकसंख्या सुमारे १ कोटी ७९ लाख, हजेऱ्या सुमारे १ कोटी ९ लाख. एकच माणूस दिवसातून तीनदा मोजला गेलेला असणार, म्हणून होरेस मान या अधिकाऱ्याने सकाळचे सगळे, दुपारचे निम्मे व संध्याकाळचे एकतृतीयांश धरून सुमारे ७२ लाख माणसे आली असा हिशेब केला. येऊ शकत असून न आलेले सुमारे ५३ लाख. त्यांत कष्टकरी फार. मानने दिलेल्या कारणांपैकी एक डोळ्यांत भरते: देवळातील बाके भाड्याने दिलेली असत, आणि फाटक्या कपड्यांच्या माणसाने कुठे बसावे हे त्याला आत शिरताच कळे.

तेव्हा लॉर्ड शाफ्ट्सबरी व इतरांनी १८६० मध्ये लंडनच्या नाटकगृहांतच रविवारची उपासना सुरू केली. डिकन्स एका शनिवारी ब्रिटानिया नाटकगृहात खेळ पाहून आला आणि दुसऱ्या दिवशी तेथेच प्रवचनाला गेला. गर्दी मोठी होती. पण आदल्या रात्री स्वस्त जागांवर खेचून बसलेले अगदी गरीब लोक त्यात नव्हते; त्यांच्या जागी चांगल्या कपड्यांतील परके लोक कुतूहलाने आले होते. प्रवचनकार पुन्हा पुन्हा श्रोत्यांना पापी म्हणून हाक मारीत होता, याचे डिकन्सला वाईट वाटले.