सुगंधी तांबड्या गुलाबाची वंशकथा



आमच्या शिरोलीचे नाव घेतले म्हणजे कोणालाही ओतकामाचे कारखाने आठवतात, गुलाब नव्हे. तथापि या औद्योगिक वसाहतीच्या कडेला माझे लहानसे घर आहे आणि त्याच्या अंगणात तांबड्या गुलाबाची पाच झाडे आहेत. मागे एकदा माझ्या नातीने दुकानातून आलेला एक टपोरा गुलाब नाकाशी नेला आणि विचारले, "आजोबा, ह्याला वास का नाही?" आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविलेल्या मला या प्रश्नाचे उत्तर तत्क्षणी देता आले नाही. ते शोधू लागलो आणि हाती लागला तो एक इतिहासच.

'गुलाब' हा शब्द मुळी सुगंधातून निघालेला आहे. फारसीत 'गुल' म्हणजे फूल व 'आब' म्हणजे पाणी. गुलाबपाण्याचे नाव आपण फुलालाच देऊन टाकले! ज्या दमास्क गुलाबापासून हे पाणी काढतात, तो फिकट गुलाबी व अत्यंत सुवासिक. परंतु त्याचा मुख्य बहर वर्षातून एकदाच. युरोपातील बहुतेक जुन्या गुलाबांची तऱ्हा हीच होती. बारमाही बहर व गडद किरमिजी रंग हे गुण तिकडे पोहोचले ते चिनी गुलाबांबरोबर, अठराव्या शतकाच्या अखेरीस. यांतील काही रोपे कलकत्त्यामार्गे गेली, म्हणून युरोपात त्यांना 'बंगालचा गुलाब' असेही नाव पडले. पुढे 1809 व 1824 साली चीनमधूनच आणखी दोन गुलाब इंग्लंडात आले. त्यांचा वास चहाच्या पानांसारखा भासे. यावरून त्यांच्या वंशजांना 'टी रोज' म्हणू लागले.

या नाजूक चहागुलाबांचा युरोपातील काटक संकरित गुलाबांशी संबंध जुळला आणि 'हायब्रीड टी' हे घराणे जन्मास आले. फ्रान्समधील लियाँ येथील गियो यांनी 1867 साली प्रसिद्ध केलेला 'ला फ्रान्स' हा या घराण्याचा मूळपुरुष मानतात. तो मात्र गुलाबीच होता. रंग तांबडा, बहर बारमाही आणि सुगंध भरपूर, असे फूल मिळण्यास आणखी काही पिढ्या जाव्या लागल्या. 1919 साली हॉलंडात 'एत्वाल द हॉलांद' निघाला. 1935 साली जर्मनीत कोर्डेस यांनी मखमली पाकळ्यांचा 'क्रिमझन ग्लोरी' दिला. त्याच्याच वंशातील 'क्रायस्लर इंपीरियल' या अमेरिकन गुलाबाचा 'शार्ल मालरँ' या फ्रेंच गुलाबाशी संकर झाला. गंमत अशी की, याच एका जोडप्यापासून फ्रान्समध्ये 1963 साली 'पापा मेयाँ' व अमेरिकेत 1964 साली 'मिस्टर लिंकन' असे दोन भाऊ स्वतंत्रपणे निपजले. पैकी पहिल्याचे नाव एका नातवाने आपल्या आजोबांच्या गौरवार्थ ठेविलेले आहे.

मग सुगंध गेला कोठे? तो बाजारात हरवला. दूरच्या पेठेत धाडावयाच्या फुलाला लांब दांडा हवा, आणि फुलदाणीत ते पुष्कळ दिवस टिकावयास हवे. निवड या गुणांची होत गेली. वासाची विचारपूस कोणी केली नाही. 2015 साली फ्रेंच संशोधकांनी 'पापा मेयाँ' आणि जवळजवळ निर्गंध असा 'रूज मेयाँ' यांची तुलना केली. दोन्ही तांबडे, परंतु सुगंध घडविणारे एक जनुक पहिल्याच्या पाकळ्यांत जोमाने काम करीत होते, तर दुसऱ्यात ते जवळजवळ निजलेले होते. माझ्या नातीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले.

परंतु एक गोष्ट मला पुस्तकाने नव्हे, अंगणाने शिकविली. हे गुलाब बियांपासून जसेच्या तसे येत नाहीत. बी पेरले तर निराळेच झाड उगवते. म्हणून जंगली खुंटावर डोळा भरावा लागतो. जगातील प्रत्येक 'पापा मेयाँ' हा अशा रीतीने त्या पहिल्या झाडाचाच एक तुकडा आहे. एका पावसाळ्यात मी आजारी होतो. बरा होऊन पाहतो, तो झाडाला जोमदार हिरवेगार फुटवे आलेले! मी हरखलो. ते डोळ्याच्या जोडाखालून, म्हणजे खुंटावरून आलेले आहेत, हे ध्यानी येईपर्यंत वरचा गुलाब वाळून गेला होता. माणसाचे लक्ष सुटले की रान आपली जागा परत घेते, हे त्या दिवशी समजले.

तेव्हा ज्यांना हौस आहे त्यांनी रोप घेताना शक्य तर सकाळी उमललेले फूल हुंगूनच घ्यावे. जागा निदान सहा तास उन्हाची असावी. मात्र चैत्र-वैशाखातील दुपारच्या उन्हाने गडद पाकळ्यांच्या कडा करपतात, तेव्हा थोडी सावली करावी. आपल्याकडील काळ्या जमिनीत पाणी तुंबते, यास्तव खड्ड्यात रेती व कुजलेले शेणखत घालावे. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात छाटणी करावी आणि जोडाखालचा फुटवा दिसताच मुळाशी काढून टाकावा.

राजेरजवाड्यांच्या वस्तू जपण्यास वस्तुसंग्रहालये आहेत. सुगंधाला तसे घर नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात, एका डोळ्यातून पुढच्या झाडात जाईल, तेवढाच टिकेल. बाजाराला त्याची गरज उरली नसेल, तर तो अंगणांनीच सांभाळावा लागेल. गेल्या हिवाळ्यात मी नातीच्या हाताने पहिला डोळा भरविला. तो धरला आहे.