सिलिकॉनमधल्या भेसळीची कुळकथा

मोबाइलमधली चिप असो की छतावरचं सोलर पॅनेल, सगळं सिलिकॉनवर चालतं. पण निव्वळ शुद्ध सिलिकॉनमधून वीज जेमतेम वाहते. खरं काम करते ती त्यात मोजूनमापून सोडलेली भेसळ. तिचं मूळ अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये सापडतं.

१९३०च्या दशकात तिथले रसेल ओल रेडिओच्या अतिउच्च कंप्रतेच्या लहरी पकडायला सिलिकॉनचे स्फटिक वापरून पाहत होते. स्फटिकांचा भरवसा नसे. एक तुकडा ज्या दिशेने वीज जाऊ देई, तिथेच दुसरा ती अडवी. अशुद्धीमुळे हे होत असणार, असा ओल यांचा तर्क होता. म्हणून जॅक स्कॅफ आणि हेन्री थ्युरर हे धातुतज्ज्ञ होता होईल तेवढं शुद्ध सिलिकॉन वितळवून थिजवू लागले.

२३ फेब्रुवारी १९४० रोजी ओल तडा गेलेली एक कांडी तपासत होते. तिच्यावर दिव्याचा उजेड पडताच जवळपास अर्धा व्होल्ट दाब निर्माण झाला. थिजताना उरलीसुरली अशुद्धी वेगवेगळ्या भागांत गोळा झाली होती आणि कांडीत दोन स्वभावांचं सिलिकॉन एकमेकांना भिडलं होतं. त्यांना ‘पी’ आणि ‘एन’ अशी नावं पडली.

‘एन’मध्ये काय होतं, ते नाकाने सांगितलं. ते सिलिकॉन कापताना कार्बाइडच्या गॅससारखा वास येई. धातुतज्ज्ञांनी ओळखलं, हा फॉस्फरस! सिलिकॉनच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात, फॉस्फरसच्या पाच. चार बंधांत गुंततात, पाचवा वीज वाहायला मोकळा राहतो. बोरॉनकडे तीनच, म्हणून तिथे जागा रिकामी राहते आणि तयार होतं ‘पी’. दहा लाख अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू असला, तरी शुद्ध सिलिकॉनची वाहकता लाख पटींहून जास्त वाढते.

पुढे अपघाताची जागा हुकमी तंत्राने घेतली. १९५४ साली बेल लॅब्जमध्येच कॅल्विन फुलर यांनी सिलिकॉनच्या पृष्ठभागात बोरॉन मुरवलं. त्यातून डॅरिल चॅपिन आणि जेराल्ड पिअर्सन यांच्यासह त्यांनी सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सौरघट साकारला. आज चिपच्या कारखान्यात आधी जवळजवळ निर्भेळ सिलिकॉन तयार होतं, मग आयनांचा झोत मारून ठरल्या जागी, ठरल्या खोलीवर परके अणू बसवले जातात.

ट्रान्झिस्टरच्या जनकांना नोबेल मिळालं, ते योग्यच झालं. पण या कुळाचा मूळपुरुष शोधायचा, तर भट्टीशी उभ्या असलेल्या स्कॅफ आणि थ्युरर यांची नावं ओल यांच्या बरोबरीने घ्यायलाच हवीत.